आता काय करायचेत दात?

गेल्या वर्षी भाऊबीज उलटून गेल्यावर आत्याची चादर बदलताना तिच्या उशीखाली मला पाच चकल्या सापडल्या. मीच नेऊन दिलेल्या. वर्तमानपत्राच्या तुकड्यात त्या नीट गुंडाळून ठेवल्या होत्या आणि त्यांतल्या एकीचे टोक ओले होऊन मऊ पडले होते; म्हणजे तिने ती बराच वेळ तोंडात धरून पाहिली असावी आणि मग हार मानून पुन्हा पुडीत ठेवली असावी. आता, चकलीपुढे हार मानणारी माझी आत्या नव्हे. चकली मोडतानाच्या नुसत्या आवाजावरून भाजणी नीट भाजली गेली की नाही हे सांगणाऱ्या बायकांच्या पिढीतली ती. ‘‘आवडल्या नाहीत का, आत्या?’’ मी विचारले. ‘‘छान झाल्यात हो,’’ ती म्हणाली. पण म्हणताना तिने पदर तोंडावर घेतला. तो पदर मी त्यापूर्वीही अनेकदा पाहिला होता. पाहिला होता, एवढेच.

आत्या ८७ वर्षांची. पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात, ज्यांना स्वतःचे स्वतः उठता-बसता येत नाही अशांच्या शुश्रूषा विभागात ती असते. विलायतेत अशा जागेला नर्सिंग होम म्हणतात. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की बाळंतपण किंवा अपेंडिक्स डोळ्यांपुढे येते. तिकडे ते बहुधा शेवटच्या मुक्कामाचे नाव असते. तिला मूलबाळ नाही. शाळेची सहा वर्षे मी तिच्या घरी राहून काढली, तेव्हा तिचा मुलगा म्हणा, भाचा म्हणा, जो काही आहे तो मी. महिन्यातून दोनदा जातो, फळे नेतो, बिले भरतो आणि परत येताना आपण आपले कर्तव्य पार पाडले अशा समाधानात बसच्या खिडकीतून बाहेर पाहतो.

तिचे वजन उतरत चालल्याचे श्रावणातच तिथल्या सिस्टरांनी मला सांगितले होते. पोळी सुटली होती, भात सुटला होता, पेज आणि दूध एवढ्यावर आली होती. बोलणेही कमी झाले होते. सिस्टर म्हणाल्या, ‘‘वय झालं.’’ मीही म्हणालो, ‘‘वय झालं.’’ हे दोन शब्द किती सोयीचे आहेत पाहा! त्यांच्यापुढे निदान लागत नाही, औषध लागत नाही आणि कोणाचा दोषही लागत नाही.

चकल्यांनंतर मात्र मी आश्रमात अधूनमधून येणाऱ्या दंतवैद्य बाईंना गाठले. त्यांनी बॅटरीच्या उजेडात आत्याचे तोंड पाहिले. खालची कवळी किती दिवस तोंडाबाहेर निघाली नव्हती, हे कोणालाच सांगता येईना. ती काढल्यावर जे दिसले त्याचे वर्णन दिवाळी अंकात करू नये; एवढेच सांगतो, की तिच्याखालची हिरडी लालभडक झाली होती आणि एका कडेला चांगली करंगळीच्या पेराएवढी जखम होती. वरचे स्वतःचे सहा दात शिल्लक होते. त्यांतले तीन हिरडीच्या कडेशी किडले होते. म्हातारपणी हिरड्या मागे सरतात, दातांची मुळे उघडी पडतात आणि मुळांवर वरच्यासारखे कठीण कवच नसते. त्यात रक्तदाबाच्या, झोपेच्या, मन शांत ठेवण्याच्या गोळ्यांतल्या कित्येक गोळ्यांनी लाळ आटते. लाळ म्हणजे तोंडाची बिनपगारी झाडूवाली. तीच रजेवर गेली आणि वर दिवसभर चहात बुडवलेली बिस्किटे, शिरा, दूधसाखर चालू राहिली, की मग काय व्हायचे? ही बाई जेवत नव्हती याचे कारण वय नव्हते. तिला दुखत होते.

दंतवैद्य बाई उपचार सांगू लागल्या आणि माझ्या तोंडून तो प्रश्न निघून गेला. ‘‘अहो, पण आता या वयात काय करायचेत दात?’’

त्या चिडल्या नाहीत. कवळी धूत धूतच म्हणाल्या, ‘‘दोन वर्षांपूर्वी यांच्या डोळ्याचं ऑपरेशन केलंत ना? तेव्हा विचारलं होतंत का, आता या वयात काय पाहायचंय म्हणून?’’

मी विचारले नव्हते. आणि का विचारले नव्हते, हे तेव्हापासून मला सुटलेले नाही.

हा प्रश्न ऐकणाऱ्याला दयेचा वाटतो. म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला त्रास, असा त्याचा सूर असतो. पण जरा खरवडून पाहिले तर आत निघतो तो जमाखर्च. किती वर्षे राहिली, त्यांत या दातांचा किती उपयोग, आणि त्यासाठी किती खटाटोप करायचा? हा हिशेबच जर खरा असेल तर तो सगळीकडे खरा ठरला पाहिजे. माझा नातू अडीच वर्षांचा आहे. त्याचे दुधाचे दात आहेत, आणि ते सगळेच्या सगळे पडणार, हे त्याच्या आईला, त्याच्या आजीला आणि मला पुरते ठाऊक आहे. त्यांतले पुढचे तर चार वर्षांत जातील. तरी रोज रात्री त्याला मांडीवर घेऊन, गाणी म्हणून, वाघाचे तोंड कसे असते ते दाखवून, त्याचा ब्रश होतो. पडणारेच दात आहेत, कशाला घासता, असे आमच्या घरात कोणी म्हणालेले नाही. म्हणजे चार वर्षांच्या उपयोगाचा दात घासण्याजोगा असतो. मग आत्याचा का नसावा? तिला चार वर्षे नसतील, दोन असतील. दोन वर्षांत जेवणाच्या वेळा किती येतात, हा हिशेब मी कधी केला नव्हता. दीड हजार येतात.

कोणी म्हणेल, मुलाला पुढचे आयुष्य आहे; आज त्याला वळण लावले तर उद्या पक्के दात तो सांभाळील. बरोबर आहे. पण रात्री त्याचे तोंड उघडून बसलेल्या आईच्या मनात तो उद्या असतो, असे मला वाटत नाही. तिच्या मनात आज रात्रीचे ते तोंड असते. ते तिचे असते. आणि इथे मला एक कबुली द्यावी लागते, जी देताना लाज वाटते. आत्याची चादर मी बदलली आहे, तिचे पाय धुतले आहेत, एकदा तर ओकारीही पुसली आहे. पण तिच्या तोंडात बोट घालायचे माझ्या जिवावर आले. आश्रमातल्या मावशींचेही तेच. बेडपॅन उचलताना ज्यांच्या कपाळावर आठी पडत नाही, त्या कवळी काढायची म्हटली की हातमोजे शोधू लागतात.

उष्टे! आपल्या मनात ही गोष्ट फार खोल रुतलेली आहे. घाण हाताला लागली तर हात धुतला की सुटते. लाळेचा विटाळ मात्र मनाला चिकटतो. आई लेकराचे उष्टे खाते आणि त्याला प्रेम म्हणतात. म्हाताऱ्याचे उष्टे कोण खातो? आणि गंमत अशी, की माझ्या तोंडात पहिले परके बोट गेले ते याच आत्याचे. शाळेच्या दिवसांत न्हाणीघराच्या उंबऱ्याशी माझी हनुवटी डाव्या हाताने घट्ट धरून ती उजव्या हाताच्या बोटाने माझ्या दातांना राखुंडी लावायची, कारण मी आळशी होतो आणि नुसत्या चुळा भरून पळ काढायचो. मी एकदा तिच्या बोटाला चावलोही होतो. तिने ते बोट झटकले, पाण्याने धुतले आणि पुन्हा तोंडात घातले.

आपल्या जुन्या वैद्यकाने दातांची उपेक्षा केली असे मात्र कोणी म्हणू नये. सुश्रुताने दातणांचा विचार चवीचवीने केला आहे: कडूंत कडुनिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह, तिखटांत करंज. चरकाच्या दिनचर्येतही दातण आहे, जीभ साफ करणे आहे, तेलाची गुळणी आहे. पण या साऱ्या दिनचर्येत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे दातण धरणारा हात आपला स्वतःचा आहे. तो हात थरथरू लागला, किंवा दातण कशासाठी हातात घेतले हेच डोक्यातून गेले, की मग काय? आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार असे म्हटले आहे. जिल्ह्यागणिक किमान एक, किमान १५० निराधार वृद्धांना सामावेल एवढा आश्रम सरकारने क्रमाक्रमाने उभारावा, अशीही त्यात योजना आहे. अन्न आले. ते चावायचे कसे, हा प्रश्न कायद्याच्या पोटातच राहिला. आणि ही काही आपलीच खोड नव्हे. इंग्लंडच्या केअर क्वालिटी कमिशनने २०१९ साली तिथल्या १०० गृहांना भेटी देऊन अहवाल काढला. निम्म्याहून अधिक गृहांत रहिवाशांच्या तोंडाच्या निगेविषयी काही धोरणच नव्हते, आणि जवळजवळ निम्म्यांत सेवकवर्गाला या कामाचे शिक्षण दिले जात नव्हते. या बाबतीत साहेबाच्या देशातही ‘वय झालं’ हेच चालते म्हणायचे.

जपानने मात्र या गोष्टीकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले. तिथे १९८९ पासून ‘८०-२०’ नावाची चळवळ आहे; ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात तोंडात असावेत, हा तिचा साधा पण हट्टी आग्रह. २०१६ च्या पाहणीत ऐंशीच्या घरातल्या निम्म्याहून किंचित अधिक माणसांनी तो पुरा केलेला आढळला. अर्थात दात राहिले म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. दात राहिले की ते घासावे लागतात, आणि कवळीसारखे रात्री वाटीत काढून ठेवता येत नाहीत. त्याच देशात ताकेयोशी योनेयामा आणि त्यांचे सहकारी यांनी ११ शुश्रूषागृहांत एक प्रयोग केला. त्याचा पहिला वृत्तान्त १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, सविस्तर २००२ साली. निम्म्या वृद्धांचे दात प्रत्येक जेवणानंतर परिचारिकांनी घासायचे आणि गरजेप्रमाणे आठवड्याला दंतवैद्यांनी पाहायचे. उरलेल्यांचे जसे चालले होते तसे चालू द्यायचे. दोन वर्षांत निगा न राखलेल्या १८२ जणांपैकी ३४ जणांना न्यूमोनिया झाला, निगा राखलेल्या १८४ पैकी २१ जणांना. न्यूमोनियाने मेले ते पहिल्या गटात ३०, दुसऱ्यात १४. कारण गूढ नाही. तोंडात साचलेले जंतू झोपेत लाळेबरोबर श्वासनळीत उतरतात आणि म्हाताऱ्या छातीला ते खोकून बाहेर टाकण्याची ताकद नसते.

हे आकडे वाचून मी हरखून गेलो. आता आश्रमाच्या व्यवस्थापकांपुढे टाकायला माझ्याकडे काहीतरी होते. पुढे कळले, की नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत फरक इतका ठळक दिसलेला नाही. क्षणभर मला वाईट वाटले, आणि मग वाईट वाटल्याचेच वाईट वाटले. समजा, न्यूमोनियाचा एकही रोगी कमी झाला नसता, तर आत्याच्या हिरडीवरची जखम दुखायची राहिली असती काय? तोंडाला वास येतो म्हणून पदर घेऊन बोलणारी बाई न्यूमोनिया झाल्याखेरीज आपल्या दयेला पात्रच नाही काय? नातवाचा ब्रश आम्ही कोणत्या आकडेवारीवरून करतो?

प्रत्यक्षात करायचे होते ते इतके थोडे, की त्याची लाज वाटावी. कवळी रात्री काढायची, ब्रशने आणि साध्या साबणाने घासायची, थंड पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात टाकली तर ती वाकडी होते, हे मला साठी उलटल्यावर कळले. तिच्यावर नाव घालून घ्यायचे, कारण एकाच टबात सगळ्यांच्या कवळ्या धुतल्या की कोणाची कोणाला बसते याचा नेम नाही. (आत्याच्या शेजारच्या आजोबांनी तीन आठवडे दुसऱ्याच कोणाची कवळी वापरली आणि ‘चावत नाही, चावत नाही’ म्हणून ओरडत राहिले, सगळ्यांना वाटले, भ्रम झाला.) ब्रशच्या दांड्याला फडके गुंडाळून तो जाड करायचा, म्हणजे आखडलेल्या मुठीत राहतो. माणसाला बसते करून, समोर आपणही बसून, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन दिवसातून दोनदा घासायचे. चार-पाच मिनिटांचे काम. पण वीस माणसांमागे दोन मावशी असतील तर ती चार-पाच मिनिटे कुठून आणायची, हे विचारणाऱ्याला मी उलट उत्तर देऊ शकत नाही.

त्या मावशींतल्या एकीचे काम मी चार दिवस बसून पाहिले. सातवी शिकलेली, पन्नाशीची बाई. पहिल्या दिवशी तिने ब्रश तोंडाशी नेला तशी आत्याची दातखीळच बसली. ओठ मिटले, मान फिरली, हात उगारला गेला. मला वाटले, आता ही जबडा धरील, आणि खरे सांगायचे तर धरावा असेही वाटले. तिने ब्रश खाली ठेवला. ‘‘राहू द्या आजी, संध्याकाळी बघू,’’ म्हणाली. संध्याकाळी तिने ब्रश आत्याच्याच हातात दिला, त्या हातावर आपला हात ठेवला आणि दुसरा एक कोरा ब्रश डाव्या हातात देऊन म्हणाली, ‘‘हा तुमचा, धरून ठेवा.’’ दोन्ही हात गुंतले. हातावर हात असा ब्रश तोंडापर्यंत गेला, आणि तोंड उघडले. ही युक्ती तिला कोणी शिकवली होती की तिची तिलाच सुचली होती, हे विचारायचे माझ्याकडून राहिले.

पण रोजच उघडते असे नाही. इथे खरा अवघड प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. ज्या माणसाच्या हाती काही उरलेले नाही, त्याच्या हाती तोंड मिटून घेणे एवढे एक उरलेले असते. कपडे कोणते घालायचे, दिवा केव्हा मालवायचा, हे सारे दुसऱ्यांनी ठरवायचे. निदान ओठ तरी त्याचे. ते जबरीने उघडणे ही माझ्या मते सेवा नव्हे, मग आत कितीही घाण असो. तिने माझी हनुवटी धरली होती हे खरे, पण तेव्हा मला न्हाणीघरातून पळून जाता येत होते. मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ‘नको म्हणतात, मग आम्ही काय करणार?’ असे म्हणून ब्रश खाली ठेवताना आपल्या खांद्यावरचे ओझे उतरते. आणि जो नकार आपल्या सोयीचा असतो त्याला आपण फार लवकर मान देतो. आत्याने औषधाची गोळी नको म्हटली असती तर आम्ही तिची एवढी बूज राखली असती का? तिच्या नकारात तिची इच्छा होती की तिची जखम होती, हे बाईंनी बॅटरी लावून पाहीपर्यंत कोणी पाहिलेच नव्हते.

तिच्या मिश्रीच्या डबीवरून मी अजून स्वतःशी भांडतो. जन्मभर तिने भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावली. दंतवैद्य बाईंनी गालाची आतली बाजू आधी तपासली ती त्यासाठीच. कर्करोगाची खूण नव्हती, ही कृपा. आश्रमाने डबी काढून घेतली. ती योग्य गोष्ट झाली असे माझी बुद्धी सांगते. पण डबी गेली त्याच सुमारास तिने सकाळी तोंड धुणेही सोडले होते, ही जोडी मी नंतर लावली.

किडलेल्या तीन दातांना कोरणे-भरणे तिला सोसणार नव्हते. बाईंनी त्यांवर चांदी आणि फ्लोराइड यांचे एक द्रावण लावले. औषध मूळचे जपानचे. सुई नाही, कोरणे नाही, कीड तिथल्या तिथे थांबते. खोड एकच, किडलेला भाग कायमचा काळा पडतो. हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, आणि मी विचारात पडलो. त्या म्हणाल्या, ‘‘मला सांगून काय उपयोग, त्यांना विचारू या.’’ विचारले. आत्याला ‘काळे’ एवढेच ऐकू गेले असावे. पंधरा दिवसांनी मी गेलो तेव्हा तिने आरसा मागून घेतला, बराच वेळ ओठ वर करून पाहिले आणि म्हणाली, ‘‘हे काय, माझ्या आजीसारखं दातवण लावलंत होय रे मला?’’ आणि हसली. पदर न घेता. सौभाग्याची खूण म्हणून दात काळे करणाऱ्या बायकांच्या मांडीवर ती वाढली होती, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

खालची कवळी नवी करायची ठरत होती. पण जबड्याचे हाड इतके झिजले आहे, की ती बसेल याची खात्री नाही. शिवाय माप घेण्यासाठी चार-पाच वेळा तोंड उघडून बसावे लागेल. बाईंनी सगळे आत्यालाच समजावून सांगितले आणि विचारले, ‘‘आजी, काय करू या?’’ आत्या म्हणाली, ‘‘आता या वयात काय करायचेत ग दात?’’

तेच वाक्य, शब्द न शब्द. पण या वेळी ते जिचे होते तिने उच्चारले होते, दुखणे थांबल्यावर, आणि तिला पर्याय काय आहेत हे कळल्यावर. आम्ही ते मानले. कवळी केली नाही. जखम भरली तशी ती वरचे दात आणि खालची हिरडी यांच्यावर मऊ भात, वरण, पिकलेली केळी खाऊ लागली. श्रावणापासून गेलेले वजन निम्मे परत आले आहे. सगळे येणार नाही.

गेल्या आठवड्यात मावशींनी त्यांच्या फोनवरून आत्याला जोडून दिले. दिवाळीला काय आणू, म्हणून मी विचारत होतो. ‘‘चकल्या आण,’’ ती म्हणाली. ‘‘पण तिला म्हणावं, मोहन थोडं जास्त घाल, चहात बुडवली की विरघळायला हवी. करंज्या नकोत. गेल्या वर्षीच्या करंज्यांत सारणच नव्हतं.’’

गेल्या वर्षी तिने करंजीही खाल्ली नव्हती, असे मला वाटत होते.